सरकारी पैशाचं सॉफ्टवेअर: वित्त विभागाच्या प्रकल्पावर पहिल्यांदा येणाऱ्या डेव्हलपरसाठी

महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या सरकारी कार्यालयात जा आणि निवृत्तीला आलेल्या मंडळींना जन्मतारीख विचारा. १ जून ही तारीख हमखास ऐकू येईल. शाळेत नाव घालताना नेमकी तारीख घरच्यांना ठाऊक नसायची, मग गुरुजी १ जून लिहून टाकायचे. तीच तारीख पुढे सेवापुस्तकात गेली आणि तिथून आपल्या डेटाबेसमध्ये आली.

आता नियम बघा. राज्य कर्मचारी ज्या महिन्यात ५८ वर्षं पूर्ण करतो, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. मात्र जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. गट ड साठी वय ६०, बाकी रीत तीच. म्हणजे १ जूनवाले सगळे ३१ मे रोजी घरी जातात. मी या क्षेत्रात नवी असताना निवृत्तीचा दिनांक काढणारं फंक्शन लिहिलं: जन्मतारखेत ५८ वर्षं मिळवायची आणि त्या महिन्याची अखेर घ्यायची. माझ्या सगळ्या चाचण्या पास झाल्या. एका ज्येष्ठ लेखाधिकारी मॅडमनी यादीवर नजर टाकली आणि म्हणाल्या, "हे सगळे एक महिना जास्त पगार घेतील. मग तो वसूल होईल त्यांच्या उपदानातून, म्हणजे ग्रॅच्युइटीतून. त्यांना कोण सांगणार?"

त्या दिवसापासून मी कामाची पद्धत बदलली. हा लेख त्या पद्धतीबद्दल आहे. खासगी क्षेत्रातून सल्लागार कंपनीत आलेल्या आणि मुंबई, पुणे किंवा नागपूरला शासनाच्या वित्तीय प्रकल्पावर नेमल्या गेलेल्या डेव्हलपरसाठी तो लिहिला आहे. उदाहरणं महाराष्ट्राची आहेत, कारण माझं काम इथलं आहे.

पहिली पायरी: कोड उघडण्याआधी एका देयकाचा माग काढा

पहिल्या आठवड्यात तुम्हाला रिपॉझिटरीचा ॲक्सेस मिळेल आणि हात शिवशिवतील. थोडं थांबा. आधी एक देयक, म्हणजे बिल, कुठून निघतं आणि कुठे पोचतं ते बघा.

कार्यालयातला लिपिक देयक तयार करतो. आहरण व संवितरण अधिकारी त्यावर सही करतात. यांना सगळे डीडीओ म्हणतात. देयक ज्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे हिशेबाच्या ज्या खात्यावर, पडणार तिथे निधी शिल्लक आहे की नाही हे निधी वाटपाची बीम्स प्रणाली बघते आणि असेल तर प्राधिकारपत्र निघतं. मग देयक जिल्ह्यात कोषागारात, तालुक्याला उपकोषागारात आणि मुंबईत अधिदान व लेखा कार्यालयात जातं. तिथे टोकन क्रमांक पडतो आणि तपासणी होते. त्रुटी असेल तर आक्षेप लावून देयक परत येतं. पारित झालं तर पैसे बँकेमार्फत खात्यावर जातात. रिझर्व्ह बँकेची ई-कुबेर प्रणाली इथे तुम्हाला भेटेल. प्रमाणक क्रमांक, म्हणजे व्हाउचर नंबर, पडतो आणि महिन्याचा हिशेब महालेखापालांकडे जातो. त्यांची दोन कार्यालयं आहेत, मुंबई आणि नागपूर. विदर्भ आणि मराठवाड्याचे हिशेब नागपूरला जातात.

याच वाटेवर बाकीच्या प्रणाली उभ्या आहेत. पगाराला सेवार्थ, निवृत्तिवेतनाला निवृत्तिवेतनवाहिनी, शासनाकडे पैसे भरायला ग्रास. ग्रासवर पैसे भरल्यावर हाती येणारं चलन म्हणजे महाराष्ट्र कोषागार नियम, १९६८ मधला नमुना क्रमांक ६. स्क्रीन नवी असली तरी नमुना नियमपुस्तकातला आहे, आणि तुम्ही बनवणार त्या जवळजवळ प्रत्येक फॉर्ममागे असा एखादा नमुना असतो. म्हणून एखादी रकाना-रचना विचित्र वाटली तरी ती सोपी करायला धावू नका. आधी नमुना शोधा.

गोव्यात काम मिळालं तर हे चित्र तसंच्या तसं नेऊ नका. तिथे राज्याचे हिशेब पणजीचं लेखा संचालनालय स्वतः संकलित करतं. केंद्राच्या योजनांच्या पैशाला आणखी एक वाट आहे: पीएफएमएस, म्हणजे सार्वजनिक वित्तीय व्यवस्थापन प्रणाली. १ जुलै २०२१ पासून केंद्र पुरस्कृत योजनांसाठी राज्यात प्रत्येक योजनेचं एकच नोडल खातं ठेवण्याची पद्धत आली आणि त्यामुळे जोडण्यांचं बरंच काम डेव्हलपरकडे आलं.

परवानगी काढा आणि एक दिवस कोषागारात लेखा लिपिकाशेजारी बसा. तिथे एकच गोष्ट मागा: आक्षेप लागून परत गेलेल्या देयकांचे शेरे. "संकेतांक चुकीचा", "मंजुरी आदेश जोडलेला नाही", "अक्षरी व अंकी रकमेत तफावत". यातला प्रत्येक शेरा म्हणजे कोणीतरी प्रणालीत घालायला विसरलेली एक तपासणी. बैठकीत मिळणाऱ्या सादरीकरणापेक्षा हे कागद जास्त शिकवतात.

दुसरी पायरी: लेखाशीर्ष वाचायला शिका

हे आलं नाही तर पुढचं काहीच येणार नाही, म्हणून इथे वेळ द्या.

शासनाचा प्रत्येक रुपया कुठल्यातरी लेखाशीर्षाखाली पडतो. देशभर शीर्षांच्या सहा पातळ्या आहेत: प्रधान शीर्ष ४ अंकी, उपप्रधान २, गौण ३, उपशीर्ष २, तपशीलवार शीर्ष २ आणि उद्दिष्ट शीर्ष २. एकूण १५ अंक. प्रधान शीर्षाचा पहिला अंक सर्वांत बोलका. ० किंवा १ असेल तर महसुली जमा, २ किंवा ३ असेल तर महसुली खर्च, ४ किंवा ५ भांडवली खर्च, ६ किंवा ७ कर्जं व आगाऊ रकमा. ८ ने सुरू होणारी शीर्षं आकस्मिकता निधी आणि लोकलेख्याची. २२०२ म्हणजे सर्वसाधारण शिक्षणाचा महसुली खर्च. ४२०२ म्हणजे शिक्षण, क्रीडा, कला व संस्कृती यांचा भांडवली खर्च. शेवटचे तीन अंक जुळतात हा योगायोग नाही, रचनाच तशी आहे.

संविधानाचे दोन अनुच्छेद या अंकांमागे आहेत. २६६ मध्ये एकत्रित निधी आणि लोकलेखा, २६७ मध्ये आकस्मिकता निधी. डेव्हलपरला याचा उपयोग काय? एकत्रित निधीतून विधिमंडळाच्या मंजुरीशिवाय पैसा निघत नाही, म्हणून तिथे तरतुदीची मर्यादा तपासायचीच. लोकलेख्यातला पैसा लोकांचा आहे: भविष्य निर्वाह निधी, ठेवी. तिथे शासन विश्वस्त असतं, म्हणून तपासायचं असतं त्या खात्यातलं शिल्लक. एकच "बॅलन्स चेक" दोन्हीकडे वापरणारा कोड मी पाहिलेला आहे. तो कोड लिहिणाऱ्याला हा फरक कोणी सांगितलाच नव्हता.

महाराष्ट्रात रोजच्या कामात आठ जागांचा संगणक संकेतांक चालतो. पहिले चार अंक प्रधान शीर्षाचे आणि पुढचे चार योजनेचे. त्यात अक्षरंही येतात. त्यापुढे उद्दिष्ट: ०१ वेतन, १३ कार्यालयीन खर्च, ३१ सहायक अनुदाने, ५३ मोठी बांधकामे. शिवाय अर्थसंकल्पातला मागणी क्रमांक, आणि रक्कम दत्तमत (विधिमंडळाने मतदानाने मंजूर केलेली) की भारित (जिच्यावर मतदान होत नाही अशी) हे वेगळं. हे सगळं डेटाबेसमध्ये अक्षरं म्हणून साठवा, अंक म्हणून कधीही नाही. ००३० हे मुद्रांक व नोंदणीचं शीर्ष अंक म्हणून साठवलं की ३० होतं. एक्सेलमधून डेटा आला की ही शून्यं गळून पडतात. संकेतांकाच्या मधोमध ई हे अक्षर असेल तर एक्सेल त्याला घातांकातली संख्या समजून भलतंच काहीतरी दाखवतं. विभागांकडून याद्या एक्सेलमध्येच येणार. तेव्हा आयात करताना प्रत्येक संकेतांकाची लांबी तपासा आणि न जुळणारी ओळ नाकारा. अंदाजाने शून्यं जोडू नका.

तिसरी पायरी: शासन निर्णय कोडमध्ये उतरवा

इथे आपल्या कामाचा गाभा आहे. खासगी कंपनीत गरज काय ते प्रॉडक्ट मॅनेजर सांगतो. इथे ती शासन निर्णयात लिहिलेली असते, आणि तो निर्णय तुमच्यासाठी लिहिलेला नसतो. तो लिहिलेला असतो प्रशासनासाठी, प्रशासनाच्या भाषेत.

तीन गोष्टी आधी शोधा. निर्णयाचा दिनांक, तो लागू होण्याचा दिनांक, आणि वर "वाचा" किंवा "संदर्भ" म्हणून दिलेल्या जुन्या निर्णयांची यादी. ती यादी ओलांडून पुढे जायचं नाही. नवा निर्णय जुन्यातला एकच परिच्छेद बदलतो आणि बाकी जुनं तसंच चालू असतं, असं सतत घडतं. मग शब्द वाचा. "अधिक्रमित" म्हणजे जुनं पूर्ण गेलं. "यथावश्यक फेरफारांसह" म्हणजे अनुदानित संस्थांनाही लागू, पण कसं ते विभागाला विचारावं लागेल. "पुढील आदेश होईपर्यंत" असेल तर शेवटचा दिनांक रिकामा ठेवा. "शुद्धिपत्रक" निघालंय का, हे कोड संपवण्याआधी पुन्हा एकदा बघा. आणि "३१ तारखेपर्यंत" यात ३१ तारीख धरायची की नाही अशी शंका आली तर स्वतः ठरवू नका, लेखी विचारा.

दोन दिनांकांचा मुद्दा उदाहरणाने नीट कळेल. राज्यात सातवा वेतन आयोग लागू झाला १ जानेवारी २०१६ पासून, आणि सुधारित वेतन नियम आले २०१९ मध्ये. मधल्या तीन वर्षांची थकबाकी पाच वार्षिक हप्त्यांत द्यायची ठरली. आता एखाद्या शिक्षिकेचा २०१७ मधला पगार किती होता? याला दोन खरी उत्तरं आहेत. तिच्या हातात पडला तो एक, आणि नंतरच्या नियमांनी तिला देय ठरला तो दुसरा. थकबाकी म्हणजे या दोहोंतला फरक. तुमच्या तक्त्यात पगाराची ओळ खोडून नवी लिहिली असेल तर पहिलं उत्तर नाहीसं झालं आणि थकबाकी काढायला आधारच उरला नाही. म्हणून प्रत्येक दराबरोबर चार गोष्टी साठवा: कधीपासून लागू, कधीपर्यंत लागू, प्रणालीत कधी नोंदवला, आणि कोणत्या शासन निर्णयाने. महागाई भत्त्याचे आदेशही बहुतेक वेळा मागच्या तारखेपासून लागू होतात, त्यामुळे वेतन आयोगाची वाट बघायची गरज नाही. हा प्रसंग वर्षातून एकदा तरी येतोच.

दुसरं उदाहरण मला फार शिकवून गेलं. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांना नवी अंशदायी निवृत्तिवेतन योजना, आधीच्यांना जुनी. अनेक वर्षं कोडमध्ये ही एका ओळीची अट होती: रुजू दिनांक तपासा. मग वित्त विभागाचा २ फेब्रुवारी २०२४ चा शासन निर्णय आला. ज्यांच्या पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली होती पण नियुक्ती नंतर झाली, त्यांना जुन्या योजनेचा पर्याय एकदाच देण्याची तरतूद झाली. एका रात्रीत तीन नवी माहिती-क्षेत्रं लागली: जाहिरातीचा दिनांक, पर्याय दिला की नाही, आणि कधी दिला. जाहिरातीचा दिनांक आमच्या तक्त्यात नव्हता. तो होता धुळीत पडलेल्या वर्तमानपत्राच्या कात्रणांत आणि निवड मंडळाच्या नस्त्यांमध्ये, म्हणजे फायलींमध्ये. ज्यांनी योजनेचं नाव कर्मचाऱ्याच्या ओळीत स्वतंत्रपणे साठवलं होतं, त्यांना थोडाच बदल करावा लागला. ज्यांनी शंभर ठिकाणी रुजू दिनांकावरून योजना ठरवली होती, त्यांना शंभर ठिकाणी हात घालावा लागला.

छोटं, पण दरवर्षी कोणीतरी अडखळतं असं एक: व्यवसाय कर. महाराष्ट्रात वरच्या टप्प्यात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. संविधानाच्या अनुच्छेद २७६ प्रमाणे हा कर वर्षाला २,५०० पेक्षा जास्त घेता येत नाही, म्हणून ११ महिने २०० आणि एक महिना ३००. हे कारण कोडमधल्या टिपेत लिहून ठेवा. नाहीतर पुढचा डेव्हलपर तो ३०० चा आकडा चूक समजून दुरुस्त करेल.

टिपेची माझी पद्धत अशी. प्रत्येक अटीवर मराठीत एक ओळ: विभाग, शासन निर्णय दिनांक, परिच्छेद क्रमांक. प्रत्येक निर्णयावर एक लांबलचक सांकेतांकही छापलेला असतो. तोही घ्या, म्हणजे शासनाच्या संकेतस्थळावर मूळ कागद लगेच सापडतो. ज्या अटीला असा आधार देता येत नाही ती अट मी कोडमध्ये ठेवत नाही. "आधीपासून असंच आहे" हा आधार नव्हे.

चौथी पायरी: रक्कम

थोडक्यात सांगते, कारण नियम मोजके आहेत आणि ते पाळायचेच आहेत.

रकमेसाठी फ्लोट वापरू नका. डेसिमल वापरा किंवा पैशांत पूर्णांक ठेवा. पूर्णांकन कुठे करायचं हे नियमातून घ्या: प्रत्येक भत्त्यावर की एकूण बेरजेवर, यावरून एका कर्मचाऱ्यामागे रुपयाचा फरक पडतो आणि लाखो कर्मचाऱ्यांत त्याचे लाखो रुपये होतात. अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत आकडे हजार रुपयांत छापलेले असतात, देयक पूर्ण रुपयांत असतं आणि मंत्रालयातल्या आढावा बैठकीत सगळे कोटींत बोलतात. म्हणून एकक रकान्याच्या नावातच लिहा. स्वल्पविराम १२,३४,५६७ असे पडले पाहिजेत. परदेशी लायब्ररी १,२३४,५६७ दाखवते आणि ते वाचताना लेखाधिकाऱ्याची चूक होऊ शकते. अक्षरी रक्कम मराठीत तयार करणारं फंक्शन लिहिणार असाल तर एकोणपन्नास, एकोणसत्तर, एकोणऐंशी, नव्व्याण्णव सगळं हाताने तपासा. शंभरपर्यंतचे शब्द सूत्रात बसत नाहीत, यादीच करावी लागते.

पाचवी पायरी: नावं आणि फॉन्ट

जुना डेटा मराठीत मिळाला म्हणजे तो युनिकोडमध्ये असेलच असं नाही. श्रीलिपी, शिवाजी, कृतीदेव अशा जुन्या फॉन्टमधली फाइल उघडली की अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांचा ढीग दिसतो. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण "ऱ्या", "ॲ", "श्र", "ज्ञ" आणि रफार यांवर ती घसरतात. रूपांतरानंतर किमान काही शे नावं डोळ्यांनी वाचा. कुलकर्णीचं "कुलकणी" झालं की त्या माणसाचं देयक बँकेतून परत येतं, आणि त्यापायी त्याला महिनाभर हेलपाटे घालावे लागतात.

नाव जुळवून माणूस ओळखायचा नाही. सेवार्थ क्रमांक, पॅन, बँक खातं आणि आयएफएससी यांची रचना तपासून घ्या. आयएफएससीमध्ये ११ जागा असतात आणि पाचवी जागा नेहमी शून्य असते. लोक तिथे ओ हे अक्षर टाइप करतात. लग्नानंतर नाव बदललेल्या महिला कर्मचाऱ्यांची सेवापुस्तक, पॅन आणि बँक अशा तीन ठिकाणी तीन नावं असू शकतात. त्यासाठी आधीच जागा ठेवा. अपवाद म्हणून नंतर घुसडू नका.

सहावी पायरी: चूक दुरुस्त करायची, पुसायची नाही

रोखवहीत खाडाखोड चालत नाही. चुकीची नोंद तशीच राहते, तिच्या उलट नोंद होते आणि मग बरोबर नोंद. आपला डेटाबेसही तसाच वागला पाहिजे. पारित देयकाची ओळ थेट बदलणारी क्वेरी प्रॉडक्शनवर चालवायची नाही, कोणीही कितीही घाई केली तरी. घाई करणारे बरेचदा खरोखर अडचणीत असतात: पगार अडकलेला असतो, फोन सतत वाजत असतो. अशा वेळी मी एकच विनंती करते, "साहेब, दोन ओळींचं ईमेल टाका, लगेच करते." ईमेल आलं की उलट नोंद, नवी नोंद, कोणाच्या सांगण्यावरून, किती वाजता, हे सगळं प्रणालीत टाकते.

काही वर्षांनी महालेखापालांचं लेखापरीक्षण पथक येतं आणि एक प्रमाणक काढून विचारतं, हे कोणी, कधी, का बदललं? तेव्हा सही करणारे डीडीओ बदलून गेलेले किंवा निवृत्त झालेले असतात. उत्तर द्यायला उरते ती फक्त तुमची नोंद. त्यांच्या निवृत्तिवेतनाचं प्रकरण त्या एका उत्तरावर अडू शकतं. हे डोळ्यांसमोर ठेवलं की लॉगिंग कंटाळवाणं वाटत नाही.

देयक तयार करणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा या तीन वेगळ्या व्यक्ती असणं हीही अशीच जुनी शिस्त. लहान कार्यालयात एकच लिपिक असतो आणि तो साहेबांचं डिजिटल स्वाक्षरीचं टोकन स्वतःच्या खणात ठेवतो. प्रशिक्षणाला गेलात आणि हे दिसलं तर गप्प राहू नका, पण चारचौघांत बोलूही नका. नंतर अधिकाऱ्यांना एकटं गाठून समजावा: माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे ती सही त्यांचीच धरली जाते.

सातवी पायरी: सल्लागार म्हणून आपली जागा ओळखा

तुमच्या गळ्यात सल्लागार कंपनीचं ओळखपत्र आहे. निर्णय घेणं हे विभागाचं काम. पर्याय मांडायचे, प्रत्येकाचे परिणाम सांगायचे आणि निर्णय लेखी घ्यायचा, एवढं आपलं. बैठक झाली की त्याच दिवशी इतिवृत्त पाठवा. मुद्दा, ठरलं काय, कोणाकडे, कधीपर्यंत, बस. तोंडी सूचनेवर केलेला बदल सहा महिन्यांनी अनाथ होतो, कारण सूचना देणाऱ्या अधिकाऱ्यांची बदली झालेली असते.

निविदेचा दस्तऐवज स्वतः वाचा. डेव्हलपर सहसा वाचत नाहीत. त्यात कामाची व्याप्ती, टप्पे, टप्प्यागणिक मिळणारी रक्कम, सेवा पातळी चुकली तर दंड, आणि चाचणी कोण स्वीकारणार, हे सगळं असतं. "हे आमच्या कामात येतं का" या प्रश्नाचं उत्तर तिथे असतं. मॅनेजरच्या आठवणीवर विसंबू नका. तुमच्या कंपनीने विभागाला निविदेचा मसुदा करून दिला असेल तर त्याच कामासाठी तिने बोली लावणं हा हितसंबंधांचा संघर्ष आहे. असं काही कानावर आलं तर आपल्या वरिष्ठांना स्पष्ट विचारा.

बोलण्याची रीतही कामाचा भाग आहे. कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव अशी पायरी असते. कक्ष अधिकाऱ्यांना डावलून थेट वर ईमेल टाकलं तर नस्ती हलत नाही. "सिस्टीम अलाऊ करत नाही" हे वाक्य टाळा. "अमुक शासन निर्णयाच्या परिच्छेद ४ प्रमाणे हे बसत नाही, आपण मार्गदर्शन करावं" असं म्हणा. समोरच्याला नियम कळतो, स्क्रीन नाही. आणि लिपिकांना साधं समजू नका. ज्यांनी वीस वर्षं देयकं केली आहेत त्या भाऊसाहेबांना जे अपवाद तोंडपाठ असतात ते कुठल्याच दस्तऐवजात नसतात. त्यांचा चहा नाकारू नका.

खऱ्या कर्मचाऱ्यांचा डेटा स्वतःच्या लॅपटॉपवर, पेनड्राइव्हवर किंवा व्हॉट्सॲपवर न्यायचा नाही. चाचणीसाठी नावं आणि खाते क्रमांक बदललेला डेटा मागा. मिळत नसेल तर बनवा, आणि त्यात १ जूनच्या जन्मतारखा भरपूर घाला. प्रणाली लोकांसाठी खुली होण्याआधी सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या यादीतल्या संस्थेकडून सुरक्षा परीक्षण करून घ्यावं लागतं. त्याला लागणारे आठवडे वेळापत्रकात सुरुवातीलाच धरा.

आठवी पायरी: मार्च

तरतूद ३१ मार्चला संपते. न वापरलेला निधी समर्पित करायचा, म्हणजे परत द्यायचा, नाहीतर तो व्यपगत होतो, म्हणजे आपोआप रद्द होतो. म्हणून सगळ्या राज्याची देयकं शेवटच्या आठवड्यात येतात, आणि प्रणालीवर वर्षभरात पडत नाही एवढा भार तेव्हा पडतो. मार्चच्या मध्यानंतर कोडमध्ये नवं काही टाकू नका. फक्त अडलेलं सोडवायचं. भाराची चाचणी जानेवारीत घ्या, कारण फेब्रुवारीत पुरवणी मागण्या आणि पुनर्विनियोजनाची, म्हणजे निधी एका शीर्षाखालून दुसऱ्याखाली वळवण्याची, कामं अंगावर येतात आणि अधिकाऱ्यांना तुमच्यासाठी वेळ उरत नाही.

एक दोष मात्र आत्ताच शोधून ठेवा. सर्व्हरचं घड्याळ जागतिक वेळेवर असेल तर आपल्याकडे १ एप्रिलची पहाट ५.३० होईपर्यंत सर्व्हरवर ३१ मार्चच असतो. त्या वेळात झालेली ग्रासवरची जमा किंवा रात्रीतून चालणारी बॅच जुन्या आर्थिक वर्षात जाऊन बसते. आर्थिक वर्ष घड्याळावरून काढू नका. व्यवहाराच्या ओळीत ते स्वतंत्र रकाना म्हणून साठवा आणि भारतीय वेळेनुसार ठरवा. मार्चचे काही हिशेब-समायोजन एप्रिल उजाडल्यावरही होतात, त्यांनाही हाच रकाना उपयोगी पडतो.

३१ मार्चच्या रात्री कोषागारात माणसं जेवणाचे डबे घेऊन बसलेली असतात. शक्य असेल तर तुम्हीही तिथे बसा. फोनवरून "पुन्हा लॉगिन करून बघा" सांगण्यापेक्षा शेजारी बसून बघितलेली अडचण लवकर सुटते. टोकन पडलेल्या देयकांचा आकडा आणि पारित झालेली, आक्षेप लागलेली व अजून हातात असलेली यांची बेरीज दर तासाला जुळवा. पहाटे शेवटचं देयक निघालं की ते चारही आकडे कोषागार अधिकाऱ्यांच्या सहीने कागदावर घ्या, आणि आक्षेप लागलेल्या देयकांचे शेरे त्याच वेळी मागून ठेवा. एप्रिलमधलं तुमचं पहिलं काम त्या कागदात असेल.